मातृदिनाच्या रविवारी आईला पहिल्या पंगतीला बसवा

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांत) मातृदिनाची तयारी सुरू होते. कार्यक्रमपत्रिका बहुतेक ठिकाणी सारखीच. महिला मंडळाचं विशेष गीत, महिलांचा शास्त्रपाठ, महिलांची प्रार्थना, एका आईची साक्ष (विश्वासाचा अनुभव) आणि शेवटी महिला मंडळातर्फे अल्पोपाहार. म्हणजे ज्यांचा मान राखायचा त्याच पहाटे चारला उठून रवा भाजतात, चर्चमध्ये फुलं लावतात, गाणं बसवतात आणि सगळे घरी गेल्यावर भांडी घासत बसतात. "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" ही आज्ञा मुलांना दिलेली आहे. त्या दिवशीचं काम मुलांनीच करायला हवं.

आज्ञेवरून एक बारीक गोष्ट. हीच आज्ञा प्रॉटेस्टंट मोजणीत पाचवी आणि कॅथलिक मोजणीत चौथी येते. बेळगाव कॅम्पातल्या किंवा शेजारच्या गावातल्या कॅथलिक कुटुंबांना बोलावून एकत्र कार्यक्रम करणार असाल तर आकडा सांगूच नका. निर्गम २०:१२ म्हणा, कुणाचाच घोटाळा होणार नाही.

हा रविवार मुळात मेथडिस्ट मंडळीतून आलेला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये १० मे १९०८ रोजी ॲना जार्विस यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ उपासना ठेवली आणि तिथे पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभरासाठी जाहीर केला. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं, तेव्हा हा दिवस आपल्याच घराण्यातला म्हणायला हरकत नाही. पण फुलांपेक्षा मोलाची गोष्ट ॲनांच्या आईची आहे. ॲन रीव्हज जार्विस यांना डझनाच्या आसपास मुलं झाली आणि त्यातली चारच मोठी झाली. १८५८ पासून त्यांनी चर्चमधल्या आयांना एकत्र करून मंडळं काढली. ही मंडळं औषधांसाठी पैसे गोळा करत, विकायला आलेलं दूध तपासत, आणि ज्या घरातली आई क्षयानं अंथरुणाला खिळली असेल तिथे घरकामाला पगारी बाई लावून देत. मातृदिनाच्या मुळाशी हे असं काम आहे. भेटकार्डं आणि केक नंतर आले, आणि त्या बाजाराविरुद्ध ॲना जार्विस स्वतः आयुष्यभर भांडल्या.

संदेशासाठी बहुतेक पाळक नीतिसूत्रे ३१ घेतात. अध्याय सुंदर आहे, पण तो वाचायची आपली पद्धत चुकते. दहाव्या ओवीपासून पुढच्या बावीस ओव्या हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर रचलेल्या आहेत. ते सद्गुणी स्त्रीचं पूर्ण गौरवगीत आहे, अ पासून ज्ञ पर्यंत. आपण मात्र त्याची कामांची यादी करतो. रात्र आहे तोच उठते, दिवा मालवत नाही, लोकर कातते, शेत विकत घेते. बाकावर बसलेल्या थकलेल्या बाईला यातून "तू अजून कमी पडतेस" एवढंच ऐकू येतं. हा अध्याय घ्यायचाच असेल तर दोन ठिकाणी थांबा. पहिली ओवी सांगते की ही लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेली वचनं आहेत, म्हणजे इथे एक आई राजाला धडा देते आहे, आणि तो धडा दारूपासून दूर राहण्याचा आणि मुक्यांसाठी तोंड उघडण्याचा आहे. दुसरं ठिकाण शेवटची ओवी. तिच्या हातांचं फळ तिला द्या, असं तिथे म्हटलं आहे. तिनं कमावलेलं तिच्या हाती पडू द्या, हा त्याचा सरळ अर्थ.

मला विचाराल तर मातृदिनाचा खरा पाठ मार्क ७:९ ते १३ आहे, आणि तो त्या दिवशी क्वचितच वाचला जातो. परूशी आणि शास्त्री येशूशी वाद घालायला येतात, तेव्हा तो त्यांना कुर्बानची सोय दाखवतो. मुलानं आईबापाला सांगायचं, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला अर्पण केलं आहे. एवढं म्हटलं की आईबापासाठी काही करायचं बंधन संपलं, असं त्या काळचे धर्मपंडित चालवून घेत. येशू ते सरळ धुडकावतो. तुमच्या संप्रदायानं तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं तोंडावर सांगतो. याचा अर्थ येशूच्या दृष्टीनं मान राखण्यात पोटापाण्याची, पैशाची सोय आधीच धरलेली आहे. आईच्या औषधाचे पैसे थकलेले असताना चर्चच्या बांधकामाला मोठी देणगी देऊन नाव पुकारून घेणं हे कुर्बानच. प्रेषित पौलही १ तीमथ्य ५ मध्ये हेच लिहितो. मुलांनी आणि नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांची फेड करायला शिकावं, आणि जो स्वतःच्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट.

आता उपासना. तयारी तीन आठवडे आधी सुरू करा आणि ती तरुण संघ आणि पुरुषांकडे सोपवा. महिला मंडळाकडे एकच गोष्ट मागायची, आजींच्या आवडीच्या गीतांची नावं. चष्मा लावूनही ज्यांना गीतपुस्तक वाचता येत नाही त्यांना तोंडपाठ असलेली गाणी म्हणायला मिळाली पाहिजेत. नवी कोरस गाणी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवली की मागच्या चार ओळी गप्प होतात.

भाषेचा प्रश्न सीमाभागात सगळीकडे येतो. आई मराठीत प्रार्थना करते, सून कन्नड शाळेत शिकलेली, नातवंडं इंग्रजी माध्यमातली, आणि कॅथलिक घर असेल तर आजी कोंकणीत जपमाळ म्हणते. संदेश वाक्यागणिक भाषांतरित करू नका. वीस मिनिटांचा चाळीस मिनिटांचा होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक अर्धवट ऐकतात. त्यापेक्षा भाग वाटून घ्या. शास्त्रपाठ मराठीत, तोच पाठ कन्नड सत्यवेदातून (बायबलमधून) दुसऱ्यानं वाचावा, संदेश एका भाषेत, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना दुसऱ्या भाषेत, आणि प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपापल्या भाषेत एकदम. सगळं मिळून सव्वा तासात बसलं पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली अकरानंतर वयस्कर माणसांना बसवत नाही, म्हणून उपासना आठला सुरू करावी. दुपारी तीन-चारच्या सुमारास वळवाचा पाऊस यायचा संभव असतो, तेव्हा जेवण मैदानात ठेवलं तर पंगती एकच्या आत उठायला हव्यात.

एखाद्या आजींना साक्ष द्यायला सांगणार असाल तर त्यांना आठवडाभर आधी सांगा, आणि माइक घेऊन तुम्ही त्यांच्या खुर्चीजवळ जा. व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लावू नका. खुर्ची हाताची असावी, म्हणजे उठताना आधार मिळतो. वेळ पाच मिनिटं, आणि एकच प्रश्न ठरवून द्यावा, उदाहरणार्थ "तुम्हाला प्रार्थना करायला कुणी शिकवलं?" तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता हे पौलानं २ तीमथ्य १:५ मध्ये नावं घेऊन लिहिलं आहे. आजींनीही नावं घ्यावीत आणि शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) एखाद्या शिक्षकानं ती लिहून ठेवावीत. मंडळीचा निम्मा इतिहास अशा साक्षींतच असतो, कारण जुन्या कार्यवृत्तांत बायकांची नावं फार कमी सापडतात.

फुलांबद्दल थोडं कठोर लिहिणार आहे. आई हयात असेल त्यांनी रंगीत फूल लावायचं आणि नसेल त्यांनी पांढरं, ही पद्धत काही ठिकाणी चालते. मोठ्या माणसांचं ठीक आहे. शब्बाथ शाळेत मात्र ती बंद करा. आठ वर्षांच्या मुलाच्या शर्टावर पांढरं फूल टाचलं की त्याला सगळ्यांसमोर वेगळं काढल्यासारखं होतं. सगळ्यांना एकच फूल द्या. गजरे वाटणार असाल तर आपल्याकडे आणखी एक अडचण येते. नवरा गेलेल्या बाईनं फूल माळायचं नाही ही रीत ख्रिस्ती घरांतही पूर्ण सुटलेली नाही. गजऱ्याची टोपली जवळ आली की विधवा बायका हळूच मागे सरतात, किंवा वाटणारी मुलगी नकळत त्यांना ओलांडून जाते. नाइनच्या विधवेपुढे येशू स्वतः थांबला होता (लूक ७). म्हणून पहिला गजरा मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर विधवेला, आणि तो पाळकीणबाईंनी हातात द्यावा. केसात माळायचा की मनगटाला गुंडाळायचा हे तिचं तिनं ठरवावं. शंभर बायकांसाठी मोगरा घेणार असाल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. मे हा लग्नाचा हंगाम, सकाळी बाजारात मिळेल याची खात्री नसते. गजरे ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले तर उन्हाळ्यात चटकन काळे पडतात.

बक्षिसं बंद करावीत. "सर्वांत जास्त मुलांची आई", "सर्वांत तरुण आई" अशी बक्षिसं अजून काही ठिकाणी दिली जातात. पहिल्यामुळे निपुत्रिक बायकांची मान खाली जाते. दुसरं तर उत्तर कर्नाटकात द्यायलाच नको, जिथे अठराच्या आतली लग्नं अजून लपूनछपून लागतात. "सर्व आयांनी उभं राहावं" ही घोषणाही टाळा. उभं न राहणाऱ्यांत कुणाचा गर्भ मागच्याच महिन्यात पडलेला असतो, कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाचं लग्नच झालेलं नसतं. लक्षात असू द्या, ज्या ॲना जार्विसमुळे हा दिवस आला त्या अविवाहित होत्या, त्यांना मूल नव्हतं.

त्याऐवजी मध्यस्थीच्या प्रार्थनेत जागा करा. वर्षभरात ज्यांची आई गेली त्यांच्या आईचं नाव घ्यावं, आणि यादी आदल्या रविवारीच मागवावी, म्हणजे ऐनवेळी कुणाचं नाव सुटत नाही. मूल गेलेल्या आयांसाठी प्रार्थना करताना नावं घेऊ नका. राहेल आपल्या मुलांसाठी रडते (यिर्मया ३१:१५) एवढं वचन पुरतं, ज्या त्यात आहेत त्यांना ते कळतं. दत्तक आया, सावत्र आया, भावाची मुलं वाढवणाऱ्या आत्या यांनाही धरा. पौलानं रूफाच्या आईला "ती माझीही आई" म्हटलं आहे (रोम १६:१३), आणि येशूनं क्रुसावरून आपली आई योहानाच्या स्वाधीन केली ती रक्ताच्या नात्याशिवायच. सैन्यातल्या मुलांच्या आया विसरू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं सैन्याशी इथला संबंध जुना आहे. पुणे, गोवा, बंगळूरला कामाला गेलेल्या मुलांच्या आयाही आल्या.

सासूचं नाव मातृदिनी सहसा निघत नाही, आणि पवित्र शास्त्रात तर एक अख्खं पुस्तक सून-सासूचं आहे. रूथनं आपल्या सासूला, नामीला, सोडलं नाही, आणि मूल झाल्यावर गावच्या बायका ते नामीचं म्हणूनच आनंद करतात. मे महिन्यात मंडळीत नव्या सुना आलेल्या असतात, तेव्हा हा पाठ वेळेवरचा आहे.

जेवण पुरुषांनी करावं, आणि ते बिघडू नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शंभर माणसांच्या पुलावाला दहा किलो तांदूळ, पंधरा किलो चिकन, पाच किलो कांदा, पाऊण किलो आलं-लसूण वाटण, दोन किलो दही आणि दोन लिटरच्या आत तेल पुरतं. न शिकलेल्या हातांकडून पुलाव बहुतेक वेळा पाण्यावर बिघडतो. घरच्या पातेल्यात एका वाटीला दोन वाट्या पाणी घालतो, तेच प्रमाण मोठ्या भांड्यात घेतलं तर भात गिच्च होतो, कारण मोठ्या भांड्यात तांदळाच्या मानानं वाफ कमी उडते. एकाला दीड ते पावणेदोन मापं पाणी घ्यावं, आणि चिकनला सुटलेलं पाणी त्यातच मोजावं. दहा किलो एकाच भांड्यात शिजवू नका. पाच-पाच किलोची दोन भांडी करा, नाहीतर खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. शिऱ्याला तीन किलो रवा, तीन किलो साखर, एक किलो तूप, आठ लिटर पाणी. रवा मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजायचा आणि पाणी उकळतंच ओतायचं. गार पाणी घातलं की गाठी झाल्याच. ताक माणशी एक पेला धरून वीस लिटर. त्यात मीठ वाढायच्या वेळी घालावं, उन्हाळ्यात सकाळपासून ठेवलेलं ताक आंबतं.

पहिली पंगत आयांची. वाढपी मुलगे आणि नवरे. एकदा बसलेल्या बाईला "जरा लोणच्याची बरणी कुठे आहे सांगा" म्हणून उठवायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी स्वयंपाकखोलीतलं सामान कुठे असतं ते विचारून कागदावर लिहून घ्या. भांडीही तरुण संघानंच घासायची.

जी आई चर्चपर्यंत येऊ शकत नाही तिच्याकडे त्याच दिवशी दुपारी जा. पाळकांना प्रभुभोजन घेऊन घरी येण्याची विनंती करता येते, ती शनिवारच्या आत कळवावी. कॅथलिक घरांत आजारी आणि वृद्ध माणसांना कम्युनियनपूर्वीचा (प्रभुभोजनाआधीचा) एक तासाचा उपवास लागू होत नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. हे माहीत नसल्यामुळे मधुमेही आजी उगाच उपाशी बसतात.

कॅथलिक घरांत आईचा दिवस खरं तर ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिन. त्याआधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवसांचा नोव्हेना, म्हणजे प्रार्थनाक्रम. ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण (मरिया आपल्या आईच्या पोटी राहिली तो) आणि हा जन्मदिन यांत बरोबर नऊ महिन्यांचं अंतर आहे. आईच्या पोटातले नऊ महिनेही चर्चनं पंचांगात मोजले आहेत, हे मुलांना सांगण्यासारखं. २६ जुलैला मरियेचे आईवडील अन्ना आणि योआकिम, म्हणजे आजी-आजोबांचा दिवस. २७ ऑगस्टला संत मोनिका आणि दुसऱ्याच दिवशी तिचा मुलगा ऑगस्टीन. वाट चुकलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडणाऱ्या आईला जवळची वाटावी अशी ही संत आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या मुलांच्या आयांसाठी त्या दिवशी खास मिस्सा (कॅथलिक उपासना) मागायला हरकत नाही.

बाळंतिणीबद्दल. लेवीय १२ प्रमाणे मुलगा झाला तर चाळीस दिवसांनी मंदिरात अर्पण न्यायचं असे, आणि मरियेनं नेलेली होल्यांची किंवा पारव्यांची जोडी हे ज्यांना कोकरू परवडत नाही अशांचं अर्पण होतं (लूक २:२४). आपल्या सव्वा महिन्याशी ते जुळतं, आणि त्या दिवशी बाळंतिणीला चर्चमध्ये आणून उपकारस्तुतीची प्रार्थना करण्याची रीत टिकवण्यासारखी आहे. "विटाळ फिटला" असं मात्र कुणी म्हणू नये. उपकारस्तुती आईचा जीव वाचल्याबद्दल आहे. त्याआधी घरी भेटायला जाणाऱ्या बहिणींनी हात धुवावेत, पंधरा मिनिटांत उठावं, बाळाला मध चाटवू नये (वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते), आणि प्रार्थनेच्या आधी आई जेवली का ते विचारावं. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. पहिल्या महिन्यानंतर पुष्कळजणी सोडून देतात, म्हणून आठवण करावी. दोन आठवडे उलटूनही आई सतत रडत असेल, तिला झोप येत नसेल, बाळाकडे बघवत नसेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

बाप्तिस्म्याच्या वहीतही आईचा मान राहतो किंवा जातो. ज्या मुलाचा बाप नोंदलेला नाही त्याच्या आईला भर चर्चमध्ये "वडिलांचं नाव?" विचारून रडवू नये. कॅथलिक चर्चच्या नियमात अविवाहित आईनं मागितलं तर तिचं नाव नोंदवायलाच हवं, आणि बापाचं नाव पुराव्याशिवाय लिहायचं नाही (कॅनन ८७७). सरकारी दाखल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१५ मध्ये सांगितलं की एकट्या आईनं अर्ज केला तर प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा. ज्या आईच्या अर्जावर हा निकाल आला ती ख्रिस्ती होती. पाळकांनी हे माहीत ठेवावं. सौंदत्तीच्या या जिल्ह्यात, जिथे देवदासी प्रथेच्या झळा सोसलेल्या आया मंडळीत येऊन बसतात, तिथे तर जास्तच.

शेवटी कागद. कुर्बानचा पाठ खरा कळला असेल तर तो इथे उतरला पाहिजे. ख्रिस्ती माणसाला वारसाहक्कासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमुलींत सारखे. पण वारसा नोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर आईकडून आणि बहिणींकडून हक्कसोड घेऊन उतारा फक्त मुलांच्या नावावर करायची पद्धत गावोगाव आहे. आईला तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय तिचा अंगठा घेऊ नका. कागद कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आईला तो वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुलगा आईच्या आधी गेला, मृत्युपत्र नाही, आणि मागे बायको-मुलं आहेत, तर ख्रिस्ती आईला त्याच्या मालमत्तेत कायद्यानं काहीच मिळत नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, तिला सून-नातवंडांबरोबर सारखा वाटा मिळतो. त्यामुळे शेजारच्या घरी घडलेलं पाहून आपल्याकडेही तसंच होईल असं लोक धरून चालतात. मुलाला मूल नसेल तर बायकोला अर्धा आणि उरलेला अर्धा वडिलांना. वडील हयात नसतील तरच आई आणि भावंडांत तो सारखा वाटला जातो. यावर उपाय एकच, मुलानं मृत्युपत्र करून आईची तरतूद लिहून ठेवणं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्याच्यासमोर स्वतः सह्या केलेल्या असाव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे करून घेतलेली बरी. दोन चुका हमखास होतात. ज्याला मालमत्ता दिली त्यालाच किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार केलं तर त्याला दिलेलं रद्द होतं. आणि लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र ख्रिस्ती माणसाच्या लग्नाबरोबर आपोआप रद्द होतं. सैन्यात भरती होताना आईच्या नावानं कागद करणाऱ्या मुलांनी लग्नानंतर तो पुन्हा करायला हवा.

आई स्वतः घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं करून देत असेल तर त्यात "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द स्पष्ट असावेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ त्याच शब्दांवर उभं आहे. अट मोडली तर साठीच्या पुढच्या आईला बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगीही मागता येते. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आधी समजूत घालावी, पण समजुतीच्या नावाखाली आईला वर्षभर ताटकळत ठेवू नये.

पेन्शनचे अर्ज नामंजूर होतात ते बहुतेक नावामुळे. चर्चच्या विवाह नोंदवहीत मराठीत लीलाबाई, रेशन कार्डावर कन्नडमध्ये लीला, आधारवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि बँकेत माहेरचं आडनाव. आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि बाकीचं त्याप्रमाणे जुळवा. विवाहाचा दाखला चर्चमधून लागेल, तो पाळकांनी खेटे न घालायला लावता द्यावा. कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा योजनेत पात्र ठरलेल्या पासष्टीच्या पुढच्या व्यक्तीला दरमहा १२०० रुपये मिळतात, अर्ज नाडकचेरीत (महसूल कार्यालयात). गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात येतात. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही पैसे अडतात. आणि पैसे आईच्या खात्यात येत असतील तर एटीएम कार्डही आईच्याच पिशवीत असावं. तिच्या हातांचं फळ तिला द्या, हे तिथेही लागू आहे.

मंडळीनं मे आणि नोव्हेंबर असं वर्षातून दोनदा उपासनेनंतर एक टेबल मांडावं. कन्नड लिहिता-वाचता येणारी दोन तरुण मुलं, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स काढायची सोय, आणि कोणत्या आईचा कोणता अर्ज कुठे अडला आहे याची एक वही. वही सेक्रेटरीकडे न ठेवता महिला मंडळाकडे ठेवावी, कारण कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. अर्ज भरून झाला की मुलानं तो आईला मराठीत पूर्ण वाचून दाखवायचा, आणि मगच सही.